प्लास्टरचं अंगकोर वाट

ओसाकाचं जागतिक प्रदर्शन १३ ऑक्टोबर २०२५ला संपलं. लाकडाचं ते अवाढव्य वर्तुळ, दालनांबाहेरच्या रांगा, उन्हात छत्र्या धरून उभी माणसं, हे फोटो सहा महिने फोनवर येत राहिले आणि त्यांच्या मागोमाग ठरलेला वादही आला. एक बाजू म्हणते, इंटरनेटच्या काळात हा खर्चिक तमाशा हवा कशाला? इतिहास काढून बघा, जागतिक प्रदर्शनं म्हणजे साम्राज्यांची जाहिरात आणि माणसांची प्राणिसंग्रहालयं. दुसरी बाजू उसळून सांगते की अमेरिकेत टेलिव्हिजन लोकांसमोर आला तो अशाच प्रदर्शनात, पिकासोचं 'गेर्निका' हे चित्र पहिल्यांदा लागलं तेही अशाच प्रदर्शनात. जग तेव्हा आशेने पुढे बघत होतं, आपणच करंटे झालोय. गंमत अशी, की दोघंही पुरावे आणतात ते बहुतेक दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांतून. आणि दोघंही ते उलटे धरतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. त्या वीस वर्षांतली मोठी प्रदर्शनं धास्तीतून उभी राहिली. ज्या गोष्टीची पकड सुटत चालली होती, नेमकी तीच दालनात सर्वांत उंच चौथऱ्यावर ठेवली गेली. त्यांना निव्वळ साम्राज्याचा माज म्हणणारे आणि निव्वळ आशावाद म्हणणारे, दोघंही एका बाबतीत सारखेच भाबडे आहेत: दोघांचाही मांडणाऱ्याच्या बढाईवर पूर्ण विश्वास आहे. कर्ज काढून उडवलेला बार ज्यांनी जवळून पाहिलाय, त्यांना ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. मांडव जितका मोठा, तितकं सावकाराचं घर जवळ.

आमच्या तालुक्याच्या गावी दर हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर 'भव्य औद्योगिक प्रदर्शन' लागायचं. उद्योग असायचे चार, बाकी आकाशपाळणा आणि भजी. तिथे एक किसणीवाला यायचा. बोलता बोलता गाजराची फुलं, बटाट्याच्या जाळ्या, काकडीचे पंखे अशी रास लावायचा. आईने दोन वेळा ती किसणी आणली. घरी आल्यावर तिच्यातून फक्त रक्त निघालं. प्रदर्शन म्हटलं की मला अजून तो माणूस आठवतो. त्याच्या हातात जे चालायचं ते खोटं नव्हतं. पण तो रोज दहा तास ते का करून दाखवत होता, हे त्या फुलांकडे बघून कळणारं नव्हतं. त्याच्या टेबलाखाली न विकलेल्या खोक्यांची चळत असायची, तिकडे वाकून बघावं लागायचं.

लंडनजवळच्या वेंबलीपासून सुरुवात करू. २३ एप्रिल १९२४ला पंचम जॉर्जने ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाचं उद्घाटन केलं. राजाचा आवाज रेडिओवरून घरोघरी गेला तो त्या दिवशी पहिल्यांदा. त्याच्या नावाची एक तार साम्राज्याच्या तारयंत्रांवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून ऐंशी सेकंदांत त्याच्याकडे परत आली. दोन हंगामांत मिळून सुमारे २ कोटी ७० लाख लोक येऊन गेले. कॅनडाच्या दालनात काचेच्या थंडगार कपाटात प्रिन्स ऑफ वेल्स उभा होता: पूर्णाकृती, शेजारी घोडा, आणि सगळा लोण्याचा. शीतकरणाचं यंत्र बंद पडलं असतं तर गादीचा वारस दुपारपर्यंत वितळून गेला असता. साम्राज्याचं इतकं नेमकं चित्र कुठल्याही टीकाकाराला सुचलं नसतं. ते साम्राज्याच्याच एका भक्त वसाहतीने हौसेने घडवलं.

आता टेबलाखाली बघा. आयर्लंडचा मोठा भाग दोन वर्षांपूर्वीच वेगळा झाला होता. ब्रिटनमध्ये दहा लाखांवर माणसं बेकार होती. आणि ज्या दिवशी राजा वेंबलीत बोलत होता त्या दिवशी गांधीजी जुहूच्या समुद्रकाठी प्रकृती सुधारत होते. पुण्यात ससूनमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाल्यावर सरकारने त्यांना फेब्रुवारीत शिक्षा संपण्याच्या कितीतरी आधी सोडून दिलं होतं. त्याआधीच्या वर्षी केनियात स्थायिक झालेल्या भारतीयांच्या हक्कांचा वाद झाला. तिथली उंचावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठीच राखलेली राहील, असा निकाल जुलै १९२३च्या श्वेतपत्रिकेने दिला. यावर चिडून वेंबलीवर बहिष्कार घाला असं सांगायला पुढे आले ते श्रीनिवास शास्त्री. गोखल्यांच्या मागे पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले, मवाळांतले मवाळ. ज्या माणसाने आयुष्यभर साम्राज्यातल्या समान नागरिकत्वावर श्रद्धा ठेवली, त्यालाच साम्राज्याच्या जत्रेला जाऊ नका म्हणावं लागलं. जहालांचा बहिष्कार सरकारच्या हिशेबात धरलेलाच होता. शास्त्र्यांचा नव्हता.

तरीही भारताचं दालन उभं राहिलं, आणि तेही साधंसुधं नाही: ताजमहाल आणि जामा मशिदीच्या घुमट-मिनारांची पांढरीशुभ्र सरमिसळ. मुंबईच्या जे. जे. स्कूलने प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या देखरेखीखाली एक संपूर्ण 'भारतीय खोली' चितारून पाठवली, छतासकट. विद्यार्थ्यांनी ती जीव ओतून केली. त्यांना आज आपण काय म्हणणार, साम्राज्याचे हस्तक? ज्यांना मोठ्या भिंतीचं काम हवं होतं आणि ते देणारा आश्रयदाता तेव्हा सरकारच होतं, त्यांनी काय करायला हवं होतं? 'प्रदर्शन म्हणजे प्रचार' या तीन शब्दांत ही मुलं कुठे बसतात, ते मला कुणी दाखवून द्यावं.

वेंबली हा सरावसामना म्हणावा असा प्रकार पॅरिसने १९३१मध्ये केला. व्हँसेनच्या वनात ६ मेपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वसाहतींचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन चाललं. 'एका दिवसात जगप्रवास' ही जाहिरात. प्रमुख होते मार्शल ल्योते, मोरोक्कोवर तेरा वर्षं हुकमत गाजवलेले. आणि मध्यभागी अंगकोर वाट. कंबोडियातल्या त्या मंदिराचा मधला भाग जवळजवळ मूळ मापात उभा केला होता. मधलं शिखर पंचावन्न मीटरचं. सांगाडा लाकडाचा, वर प्लास्टर, त्यावर ठसे घेऊन उठवलेल्या अप्सरा. रात्री त्यावर दिव्यांचे झोत सोडत. पायऱ्या चढून आत गेलं की मात्र गाभारा नाही, मूर्ती नाही. आत होती पांढरी, झगझगीत, अगदी आधुनिक सभागृहं, त्यांत इंडोचायनाच्या, म्हणजे कंबोडिया-व्हिएतनामकडच्या फ्रेंच वसाहतीच्या, कारभाराची आणि मालाची मांडामांड. बाहेरून खमेर, आतून पॅरिस. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण आपण सहज वापरतो. इथे ती शब्दशः बांधून काढली होती.

हे मंदिर ज्या इंडोचायनाच्या नावाने उभं राहिलं, तिथे त्याच्या पंधरा महिने आधी, फेब्रुवारी १९३०मध्ये, येन बाय इथे व्हिएतनामी शिपायांनी बंड केलं होतं. ते चिरडलं गेलं, नेता न्गुयेन थाय होक आणि त्याचे सोबती त्याच जूनमध्ये गिलोटिनखाली गेले. शांत, समाधानी, कलासंपन्न इंडोचायना दाखवायची निकड तेव्हा कधी नव्हती इतकी होती. व्हँसेनही काही सहज निवडलेलं नव्हतं. पूर्व पॅरिस हा कामगारांचा, कम्युनिस्टांचा भाग, आणि तिथल्या मतांवर या प्रदर्शनाने पाणी पडेल अशी ल्योतेंना आशा होती. म्हणजे वसाहतवाद्यांना पटवायचं होतं ते दूरदेशीच्या प्रजेला नव्हे, मेट्रोच्या शेवटच्या स्थानकावर राहणाऱ्या फ्रेंच मतदाराला. ज्याच्या मनात शंकाच नाही, तो घरच्याच माणसाला एवढं पटवत बसतो का?

इथे पहिला भक्कम आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही. आक्षेप असा, की हे सगळं मागाहून सुचलेलं शहाणपण आहे. प्रदर्शन चाललं, धो धो चाललं. सुमारे ३ कोटी ३० लाख तिकिटं खपली. एकेका माणसाने अनेकदा तिकीट काढलं असं धरलं तरी माणसं ऐंशी लाखांच्या घरात जातात. उलट आंद्रे ब्रेतों, लुई आरागों, पॉल एल्युआर या अतिवास्तववादी मंडळींनी 'वसाहत-प्रदर्शनाला जाऊ नका' म्हणून पत्रक वाटलं आणि नंतर 'वसाहतींचं सत्य' या नावाचं प्रति-प्रदर्शन भरवलं, त्याला काही महिन्यांत जेमतेम पाचेक हजार लोक आले. मग धास्ती कुणाची नि विजय कुणाचा?

आकडे खरे आहेत. पण ते मोजतात काय? आपल्याकडे जत्रेला आलेला प्रत्येक जण देवाला आलेला असतो का? वेंबलीतली गर्दी साम्राज्याच्या दालनांपेक्षा करमणुकीच्या पाळण्यांकडे जास्त ओढली जायची, याची तक्रार तेव्हाचे लोकही करत. पॅरिसबद्दल साक्ष द्यायला तर खुद्द ल्योतेच हजर आहेत. प्रदर्शन संपून वर्ष झाल्यावर त्यांनी कबूल केलं, की सामान्य लोकांवर, विशेषतः तरुणांवर, परिणाम झाला असेल. पण ज्यांचं मत आधीपासून अनुकूल नव्हतं अशा जाणत्या आणि अधिकारावरच्या माणसांच्या डोक्यात काडीचाही फरक पडलेला नाही. तिकीटविक्रीला विजय म्हणणारे आजचे अभ्यासू त्या मार्शलपेक्षा जास्त वसाहतवादी ठरतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

आणि त्या पाच हजारांच्या प्रति-प्रदर्शनातली एक गोष्ट मला फार आवडते. रशियन वास्तुकार मेलनिकोव्हने १९२५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बांधलेल्या सोव्हिएत दालनाची इमारत त्यासाठी वापरली होती. वसाहतींतून आणलेल्या मूर्तींच्या जोडीला तिथे एका कपाटात चर्चमधल्या बाळबोध धार्मिक मूर्ती मांडल्या होत्या, खाली चिठ्ठी: 'युरोपीय जादूटोण्याच्या वस्तू'. व्हँसेनच्या सगळ्या प्लास्टरला ती एक चिठ्ठी पुरून उरते. बघणाऱ्याने अचानक स्वतःलाच कपाटात पाहावं, याहून वेगळं उत्तर प्रदर्शनाला द्यायचं तरी काय?

दुसरा आक्षेप जास्त बोचणारा आहे. ज्यांना तिथे उभं केलं त्यांच्या अपमानाबद्दल बोलायचं सोडून तुम्ही राज्यकर्त्यांच्या मनातल्या भीतीबद्दल का बोलता? पुन्हा गोष्ट त्यांचीच? हे मला लागतं, कारण त्यात तथ्य आहे. १९३१मध्येच पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच वसाहतीतून शंभरावर कनाक, म्हणजे तिथल्या मूळच्या, माणसांना आपली संस्कृती दाखवायला चला असं सांगून पॅरिसला आणलं. उतरवलं ते व्हँसेनला नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला, प्राण्यांच्या बागेत. ख्रिस्ती शाळांत शिकलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या या लोकांना तिथे नरभक्षकांचं सोंग करायला लावलं. त्यांतल्या काहींना पुढे जर्मनीत पाठवलं, ते मगरींच्या बदल्यात. १९९८चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या फुटबॉल संघातला क्रिस्तियाँ कारेंबू याचे पणजोबा त्या माणसांत होते. यावर 'काळच तसा होता' असं म्हणणाऱ्याशी मला वाद घालायचा नाही.

पण 'मानवी प्राणिसंग्रहालय' हा एकच शिक्का सगळ्यांवर मारला की काय हरवतं तेही बघा. व्हँसेनच्या अधिकृत प्रदर्शनात असले प्रकार नकोत असं ल्योतेंचं धोरण होतं; कनाकांचा खेळ मांडला तो खासगी मंडळींनी. याने ल्योते सज्जन ठरत नाहीत. एवढंच कळतं, की १९३१पर्यंत उघड पिंजरा साम्राज्यालाच अडचणीचा वाटू लागला होता. डच दालनात बालीचे नर्तक-वादक आले होते. ते स्वतःचं कसब घेऊन आलेले कलावंत होते, आणि त्यांना पाहून फ्रेंच नाटककार आंतोनाँ आर्तोची रंगभूमीची कल्पनाच उलटीपालटी झाली. वेंबलीत पश्चिम आफ्रिकेचं 'खेडं' होतं. त्याबद्दल लंडनच्या पत्रांनी जी गलिच्छ वर्णनं छापली त्यांचा तिथल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांनी जाहीर निषेध केला. त्यांतले एक लादिपो सोलांके. त्यांच्या पुढाकाराने पुढच्याच वर्षी, १९२५मध्ये, पश्चिम आफ्रिकी विद्यार्थी संघ निघाला, आणि वीस वर्षांनी घानाचे क्वामे न्क्रुमा याच संघात काम करताना दिसतात. फसवून आणलेला कनाक, करारावर आलेला नर्तक, बाहेर उभा राहून पत्र लिहिणारा विद्यार्थी, छत रंगवणारा जे. जे.चा मुलगा, या सगळ्यांना एका पिंजऱ्यात कोंबणं हेही एक प्रकारचं प्रदर्शनच झालं की.

अमेरिकेकडे वळलं की सूर बदलतो, रीत बदलत नाही. शिकागोचं 'प्रगतीचं शतक' २७ मे १९३३ला उघडलं तेव्हा देशातला दर चौथा कामकरी बेकार होता. उद्घाटनाचे दिवे लागले ते स्वाती ताऱ्याच्या उजेडावर: तो प्रकाश तिथून चाळीस वर्षांपूर्वी, म्हणजे शिकागोच्या आधीच्या, १८९३च्या प्रदर्शनाच्या वेळी निघाला असं धरून दुर्बिणींनी टिपला आणि त्याची वीज करून कळ दाबली. (विवेकानंदांची ती परिषद या १८९३च्या प्रदर्शनाच्याच निमित्ताने भरली होती.) पोटाला नाही, पण ताऱ्यावर दिवा लागतो. घोषवाक्य होतं: 'विज्ञान शोधतं, उद्योग वापरतो, माणूस जुळवून घेतो'. बँका बुडालेल्या, कारखाने बंद पडलेल्या वर्षी हे वाक्य दारावर लावायला एक तर फार निबर कातडी लागते किंवा फार खोल भीती.

तरी शिकागोला एक गोष्ट मी बिनशर्त देतो. मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ तिथे अपुऱ्या दिवसांची जिवंत बाळं काचेच्या उबदार पेट्यांत ठेवून लोकांना दाखवायचा. तिकीट पंचवीस सेंट. बघायला किळसवाणं वाटेल. पण बहुतेक इस्पितळं या बाळांवर खर्च करायला तयार नव्हती आणि कूनी आईबापांकडून छदामही घेत नव्हता. दाई-नर्सांचा पगार, दूध, यंत्रं, सगळं तिकिटाच्या पैशातून. हजारो बाळं जगली. तमाशा वाईट, शास्त्र चांगलं अशी वाटणी करणाऱ्यांनी हा माणूस कुठल्या खणात ठेवायचा ते ठरवावं.

माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा मात्र १९३७च्या पॅरिसमध्ये आहे. आयफेल मनोऱ्यासमोर, एकमेकांवर डोळे वटारून, दोन दालनं: एका बाजूला जर्मनीचं, हिटलरचा वास्तुकार अल्बर्ट श्पेअरचा उभा मनोरा, माथ्यावर गरुड, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत रशियाचं, बोरिस इओफानची इमारत आणि तिच्यावर व्हेरा मुखिनाची हातोडा-विळा उंचावलेली कामगार-शेतकरीण जोडी. यजमान फ्रान्सची स्वतःची बांधकामं संपांत आणि राजकारणात अडकलेली. उद्घाटन मेच्या पहिल्या तारखेवरून २५ तारखेला ढकललं, आणि त्या दिवशी तयार असलेल्या मोजक्या दालनांत ही दोन होती. हुकूमशाह्या वेळेवर येतात हा जुना वाखाणणीचा मुद्दा, तो तेव्हाही लोकांच्या तोंडी होता. इथे कुणी विचारेल, हिटलरच्या त्या मनोऱ्यात धास्ती कुठे दिसते तुम्हाला?

जर्मनीपुरतं मी माघार घेतो. तिथे मला भीती दाखवता येत नाही. फार तर एवढं म्हणता येईल की सोव्हिएत आराखडा आपण आधी चोरून पाहिला आणि त्या झेपेला अडवणारा मनोरा काढला, असं श्पेअरने पुढे स्वतःच सांगितलं. एकमेकांना भिऊन उंची वाढवत जाणं ही भीती म्हणायची की ईर्षा, ज्याने त्याने ठरवावं. पण समोरचं दालन? आत सोव्हिएत देशाचा एक प्रचंड नकाशा होता, मौल्यवान रत्नं आणि खडे बसवून घडवलेला. शहरं, धरणं, कारखाने चमचमत होते. त्याच वर्षी जानेवारीत त्या देशाने शिरगणती केली. अपेक्षेपेक्षा माणसं कमी निघाली, कारण दुष्काळाने आणि दडपशाहीने खाल्लेली माणसं गणतीत कुठून येणार? सरकारने गणती रद्द केली आणि ती करणारे अधिकारी पकडले. म्हणजे देशात माणसं मोजायची चोरी, आणि पॅरिसमध्ये माणिक-मोत्यांचा नकाशा. सोव्हिएत विभागाचे प्रमुख इव्हान मेझलाउक प्रदर्शन संपल्यावर मायदेशी परतले. त्याच डिसेंबरात अटक, पुढच्या वर्षी गोळी. दालनाला सुवर्णपदक मिळालं होतं. जर्मनीच्या दालनालाही.

आणि या दोघांच्या सावलीत स्पेनच्या प्रजासत्ताकाचं लहानसं दालन. तेही प्रचारच होतं, हे विसरू नका. यादवी युद्धात हरत चाललेल्या सरकारने जगाकडे मदत मागायला ते उभारलं; पिकासोला काम दिलं ते सरकारनेच, गेर्निका गावावर २६ एप्रिलला बॉम्ब पडण्याच्याही आधी. पण त्या दालनाने आपली धास्ती झाकली नाही. पारा उसळणारं अमेरिकन शिल्पकार काल्डरचं कारंजं, आणि शेजारच्या भिंतीवर ते राखाडी चित्र, तोंड वासलेला घोडा, मेलेलं मूल घेतलेली आई. १९३७च्या प्रदर्शनातलं दुसरं काय आज कुणाला आठवतं? प्रचार म्हणून सगळं एका टोपलीत टाकणाऱ्यांना हा फरक सांगताच येत नाही: एक प्रचार घाव लपवतो, दुसरा उघडा करून दाखवतो. माझ्या लेखी सगळा इतिहास या फरकात आहे, आणि दोन्ही बाजूंचे वादपटू त्यावरून बुलडोझर नेतात.

न्यूयॉर्कबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर फार लिहिलं गेलंय. राखेच्या ढिगाऱ्यांवर वसवलेलं 'उद्याचं जग', ३० एप्रिल १९३९. जनरल मोटर्सच्या दालनात हलत्या खुर्च्यांवर बसून १९६०च्या अमेरिकेवरून तरंगायचं आणि बाहेर पडताना छातीवर बिल्ला: 'मी भविष्य पाहिलं आहे'. चेकोस्लोव्हाकियाचं दालन उघडं होतं, देश मात्र मार्चमध्येच हिटलरने गिळलेला. सप्टेंबरात पोलंड गेलं. दुसऱ्या हंगामात सोव्हिएत दालन नाहीसं झालं आणि ४ जुलै १९४०ला ब्रिटिश दालनात सापडलेला बॉम्ब निकामी करताना दोन पोलीस मेले. भविष्य बघून आलेल्या बिल्लेवाल्यांपैकी कितीजण पुढे कुठल्या किनाऱ्यावर उतरले, त्याची मोजदाद नाही.

आपण यातून सुटलो का? काँग्रेसने अधिवेशनाबरोबर औद्योगिक प्रदर्शन भरवायला १९०१लाच सुरुवात केली होती, रीत इंग्रजांचीच. डिसेंबर १९३६ला खानदेशात फैजपूरला खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं. खादी-ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन गांधीजींनी केलं, आणि मांडवाची, कमानींची सजावट नंदलाल बसूंनी बांबू, चटया, गवत अशा तिथल्याच सामानातून केली. व्हँसेनच्या प्लास्टरनंतर फैजपूरचा बांबू पाहिला की डोळे निवतात, कबूल. इथे सांगाडा हीच शोभा होती. वासा पोकळ असलाच तर तो सर्वांना दिसत होता. पण माझंच माप मी माझ्याच माणसांना का लावू नये? ज्या ग्रामोद्योगांची तिथे मांडणी झाली ते मरत होते म्हणूनच मांडले गेले. गिरणीचं कापड खानदेशच्या बाजारात केव्हाच शिरलं होतं. शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेला होता, आणि साने गुरुजी ज्या शेतकऱ्यांना अधिवेशनासाठी गावोगाव हाका मारत फिरले त्यांना चरख्याइतकीच सारामाफीची भूक होती. फरक एवढाच, की त्याच फैजपूरने शेतकऱ्यांच्या कर्जाचा आणि खंडाचा ठरावही केला. मांडवाच्या आतच टेबलाखालची खोकी वर काढली गेली. ती रिकामी झाली का, ही वेगळी आणि लांबची गोष्ट.

राहिला पोर्तुगाल, जो या चर्चेत कुणाच्याच खिजगणतीत नसतो. १९३४ला पोर्तो शहरात त्यांनी वसाहतींचं प्रदर्शन भरवलं. संचालक कॅप्टन एन्रिक गाल्व्हाओ. त्याने एक नकाशा काढला: युरोपच्या नकाशावर अंगोला आणि मोझांबिक अंथरलेले, स्पेन-फ्रान्स झाकून थेट रशियाच्या अंगापर्यंत. वर शीर्षक, 'पोर्तुगाल हा लहान देश नाही'. मोठ्या देशाला हे वाक्य कधी छापावं लागलंय? हा नकाशा पुढे कितीतरी वर्षं शाळांच्या भिंतींवर होता. मग त्याच गाल्व्हाओने १९४७ला अंगोलातल्या वेठबिगारीवर सरकारला अहवाल दिला, हुकूमशहा सालाझारच्या मर्जीतून उतरला, तुरुंगात गेला, निसटला, आणि जानेवारी १९६१मध्ये भर समुद्रात 'सांता मारिया' हे पोर्तुगालचं प्रवासी जहाज शे-दीडशे नाही, सहाशेवर माणसांसकट ताब्यात घेऊन साऱ्या जगाला सालाझारशाही दाखवली. प्रदर्शन भरवण्याचं कसब त्याच्या अंगात मुरलेलं होतं, म्हणायचं.

लिस्बनला १९४० साली, बाकी युरोप जळत असताना, सालाझारने 'पोर्तुगीज जगाचं प्रदर्शन' भरवलं. टेगस नदीच्या काठी दर्यावर्दींचं एक उंच स्मारक केलं, पुढे निघालेल्या गलबतासारखं. तात्पुरतं होतं, कच्च्या सामानाचं. प्रदर्शनानंतर ते उतरवलं. वीस वर्षांनी सरकारला वाटलं, हे कायमचं असायला हवं. १९६०मध्ये तेच स्मारक काँक्रीट आणि दगडात पुन्हा बांधून पुरं झालं. आज लिस्बनला गेलेला प्रत्येक पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतो. ते पुरं झालं त्याच्या पुढच्या वर्षी, १९६१च्या डिसेंबरात, भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि दोन दिवसांत ते प्रकरण आटोपलं.